बाथटबमध्ये तपासलेले गेटर्स

माझ्या पोटऱ्या जाड आहेत हे मला शाळेपासून माहीत आहे. पण शिकारीच्या सामानाच्या दुकानात, भर शनिवारी, नवऱ्याने टेप लावून तो आकडा मोठ्याने वाचेपर्यंत ही बातमी घरातच होती.

"अगं, हलू नकोस. इथे लिहिलंय, पँटच्या वरून माप घ्यायचं. तुला मीडियम होणार नाही. लार्जसुद्धा कसंबसंच."

"अहो, हळू बोला ना जरा!"

बाजूला खऱ्या बदकांना भुलवायची प्लास्टिकची बदकं निवडत उभा असलेला दाढीवाला माणूस गालातल्या गालात हसला. मराठी त्याला काय कळणार, पण टेप आणि माझं तोंड पाहून सगळं कळलं असावं. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो बदकं घेऊन दुसऱ्या रांगेत गेला.

आता अमेरिकेत, अल्फारेटात राहणारी, आयटी कंपनीत टेस्टिंग करणारी, पन्नाशी ओलांडलेली नागपूरची बाई शिकारीच्या दुकानात काय करत होती, ते सांगते. मी विहिणीसाठी गेले होते.

आमच्या लेकीचं सासर जॉर्जियातच, पण पार दक्षिणेला, जिथे रस्ते सरळ होतात आणि पाणी जिथे मिळेल तिथे साचून राहतं. जावई अमेरिकन. त्याची आई, म्हणजे माझी विहीण, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी, उंच, काटक बाई. आयुष्यभर शाळेची बस चालवली. बोलणं कमी, आणि जे बोलायचं ते तोलून. त्यांच्या नवऱ्याला पोरांच्या लग्नानंतर काही महिन्यांतच हार्ट अटॅक आला आणि ते गेले. दोघं तरुणपणापासून दर हिवाळ्यात एकत्र हरणाच्या शिकारीला जायचे. घरामागे त्यांचं स्वतःचं जंगल आहे, ओढा आहे, ओढ्याकाठी दलदल आहे. ते गेल्यापासून विहीणबाईंनी त्या जंगलात पाऊल टाकलं नव्हतं.

लेक फोनवर सांगायची, "आई, शी जस्ट सिट्स देअर. ऑल डे. पोर्चवर खुर्ची, आणि जंगलाकडे पाठ."

"मग जावयाने न्यावं की!"

"त्याने विचारलं ना. शी सेज, तू जा. कुणाला शिकवायचं असेल तर जाईल कदाचित. बिगिनरला ती कधीच नाही म्हणत नाही."

"मग मी आहे की बिगिनर," मी म्हटलं.

हे माझ्या तोंडून कसं गेलं, मला आजतागायत कळलेलं नाही. मग लेक म्हणाली, "आई, प्लीज, डोन्ट बी वीअर्ड," आणि मागून ह्यांचा आवाज आला, "तुला झुरळ मारता येत नाही!"

"झुरळ मारता येतं मला. पालीला हात लावत नाही, एवढंच!"

एकदा बोलले ते बोलले. त्याच संध्याकाळी विहीणबाईंना फोन लावला. म्हटलं, मला शिकार बघायची आहे, बंदूक नको, नुसती तुमच्या मागे मागे चालेन. मग त्यांचा पहिला प्रश्न आला, "पायात काय घालणार?"

आणि मग त्या बोलायला लागल्या. बापरे! एरवी दोन वाक्यांवर न जाणारी बाई, पण पायांचा विषय निघाला आणि थांबेचनात. तिथे गवत पहाटे इतकं ओलं असतं की पँट गुडघ्यापर्यंत पिळून काढावी लागते. काटेरी वेली पोटऱ्या सोलून काढतात. चिखल बुटाच्या तोंडातून आत जातो आणि दिवसभर पायाशी राहतो. थंडी उशिरा पडली तर सापही असतात. बुटांवर गेटर्स हवेतच. आणि ते तूच निवड हनी, म्हणाल्या, दुसऱ्याने निवडलेले गेटर्स चावतात.

गेटर्स म्हणजे बुटाच्या वरच्या कडेपासून गुडघ्याखालपर्यंत पायाला गुंडाळायचं जाड कापडी कवच. पूर्वीचे हवालदार पायाला पट्ट्या गुंडाळायचे ना, त्यांचीच ही शिकलेली नात. हे मला फोन ठेवल्यावर समजलं. फोनवर मी नुसतं "हो हो, अर्थात" करत होते. पण एक गोष्ट पक्की डोक्यात बसली. ही बाई ह्या विषयावर बोलताना जिवंत होते. मग आपण विषय सोडायचा नाही.

म्हणून ते दुकान, आणि ती टेप.

ह्यांचा सगळा जीव सापांत अडकला होता. त्यांनी सरळ जाऊन सापाच्या दातांना दाद न देणारे गेटर्स उचलले. आत कडक पत्र्यासारखं काहीतरी. मी ते घालून दुकानात दोन पावलं टाकली, तर दोन्ही पाय प्लास्टरमध्ये घातल्यासारखे. गुडघा वाकेना.

"साप आला तर चावणार नाही, पण मी पळणार कशी?"

"चावणारच नाही तर पळायचं कशाला?" हे म्हणाले. अशा तर्कापुढे हात टेकायचे, दुसरं काय.

शेवटी तीन जोड्या घरी आणल्या. आवडलं नाही तर परत देता येतं, ही ह्या देशातली मला सगळ्यात आवडलेली सोय. आणि टेस्टिंग करणाऱ्या बाईच्या हाती तीन जोड्या दिल्यावर पुढे काय होणार, हे ह्यांनी ओळखायला हवं होतं. एक कडक सापवाली, एक चकचकीत नायलॉनची, एक मऊ, चिखलाच्या रंगाची, जिच्या आत पुढच्या बाजूला जाडसर अस्तर होतं.

आधी पाणी. बाथटब भरला, बूट घातले, त्यावर गेटर्स चढवले आणि उभी राहिले पाण्यात. हे कडेला बसून बघत होते, चेहऱ्यावर असा भाव की ह्या बाईशी माझी काही ओळख नाही. मिनिटभरातच मोजे ओले. दुसरी जोडी, तेच. तिसरी, तेच. माझं डोकं फिरलं. एवढी जाहिरात करता वॉटरप्रूफ म्हणून आणि बाथटबमध्ये गळतात? तशीच ओल्या पायांनी विहीणबाईंना फोन लावला.

"बाथटबमध्ये उभी राहिलीस? बूट घालून?"

"हो. आणि तिन्ही फेल."

त्यांनी एक लांब श्वास घेतला. "हनी, ते गेटर्स आहेत, होडी नव्हे. खालून पाणी येणारच. वरून उडालेलं, गवताचं, पावसाचं, तेवढं ते अडवतात. खोल पाणी कुठे आहे ते मला माहीत आहे. तिथून मी तुला नेणार नाही."

'नेणार नाही' म्हणाल्या, म्हणजे बाकी ठिकाणी नेणार! मी ओल्या फरशीवर उभी राहून एवढी खूश झाले की हे म्हणाले, पडशील.

मग टबाऐवजी शॉवर, आणि त्यात नायलॉन आणि मऊ जोडी पास झाली. मग काटे. आमच्या सबडिव्हिजनच्या, म्हणजे कॉलनीच्या, तळ्याकाठी रानटी ब्लॅकबेरीची जाळी आहे. तिथे मी भर दुपारी गेटर्स घालून आत-बाहेर, आत-बाहेर चालत होते. कुत्रं फिरवायला आलेल्या एका शेजारणीने विचारलं, काही हरवलंय का? म्हटलं, नाही, सापडलं तर सांगते. नायलॉनवर दोन ठिकाणी धागे निघाले. मऊ कापडाला काही झालं नाही.

पट्ट्यांचंही एक शास्त्र असतं. बुटाच्या तळव्याखालून जाणारा पट्टा हवा, नाहीतर चिखल गेटर वर ढकलतो. पुढचा छोटा हूक बुटाच्या लेसमध्ये अडकवायचा. आणि बकलं पायाच्या बाहेरच्या बाजूला यायला हवीत. मी डावा उजव्यात घातला, बकलं आतल्या बाजूला आली, एकमेकांत अडकली आणि मी धाडकन कपड्यांच्या बास्केटवर. हसून हसून आम्हा दोघांच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांचा संसार, पण मी बास्केटवर पडले तर ह्यांनी उचलायच्या आधी फोटो काढला, तो अजून दाखवतात लोकांना.

शेवटची परीक्षा आवाजाची. हरणाचे कान फार तिखट. ह्यांना हॉलमध्ये पाठ करून, डोळे मिटून बसवलं.

"तुम्ही हरीण. चाहूल लागली की हात वर."

"हरीण हात वर करत नाही."

"तुम्ही करा!"

नायलॉन घालून जिन्याच्या वरच्या पायरीवर होते तोच हात वर. दोन्ही पाय एकमेकांना घासून सळसळ, सळसळ, जणू कुणी नवी पैठणी नेसून निघालंय. सापवाल्या जोडीचा वेल्क्रो उघडला तर हरीण दचकून खुर्चीवरून अर्धं उठलं. मऊ जोडी घालून आले आणि थेट कानाशी येऊन "भ्यॉ!" केलं. हे जे किंचाळले! तीच जोडी ठेवली. अस्तर चांगलं जाड आहे हे दहादा दाबून बघून ह्यांनीही सापांच्या बाबतीत नाइलाजाने मान डोलावली.

या सगळ्या काळात मी रोज विहीणबाईंना फोन करत होते. रोज एक शंका. बकल की वेल्क्रो? रात्री वाळवायचे कसे? वरची दोरी किती आवळायची? लेक म्हणाली, "आई, ती आता फोनची वाट बघते, यू नो?" मला रडूच आलं. म्हटलं, आता ही बाई जंगलात गेलीच पाहिजे. नाही गेली तर परत खुर्चीत बसेल आणि ह्या वेळी उठायची नाही.

ठरलेल्या आठवड्यात मी चकल्या आणि लसणाची चटणी घेऊन त्यांच्याकडे गेले. पहाटे आम्ही त्यांच्या ट्रकमधून जंगलाच्या तोंडाशी पोहोचलो. दोघींच्या अंगात नारिंगी जाकिटं, म्हणजे दुसऱ्या शिकाऱ्याने आम्हालाच हरीण समजू नये. अजून नीट उजाडलं नव्हतं. मी ट्रकच्या मागच्या फळीवर बसून गेटर्स चढवले. डावा डाव्यात, उजवा उजव्यात, हूक, पट्टा, बकलं बाहेर, दोरी. झालं. दोनदा पाय आपटून बघितले.

विहीणबाई मात्र स्टिअरिंगसमोरच बसून होत्या. दार उघडं, एक पाय बाहेर. "आलेच," म्हणाल्या. आल्या नाहीत. पक्षी बोलायला लागले, झाडं दिसायला लागली, तरी त्या तशाच. मग खाली उतरल्या, माझ्यासमोर आल्या आणि म्हणाल्या, "मला नाही जमणार. सॉरी, हनी. तू एवढं सगळं घेतलंस. चल, परत जाऊ. मी तुला नाश्ता करून घालते."

काय बोलायचं? समजूत घालायची तर माझं इंग्लिश ऑफिसचं, तिथे दुःखाला शब्दच नाहीत. आणि खरं सांगायचं तर मला थोडा रागही आला. त्यांच्यावर नाही, त्या सगळ्या परिस्थितीवर.

"जाऊ ना परत," मी म्हटलं. "पण आधी हे बघा. मी या गेटर्ससाठी टबात उभी राहिले, काट्यांत शिरले, बास्केटवर पडले. पास की नापास, तेवढं सांगा. मग जाऊ."

त्यांनी बघितलं. आधी नुसतं, मग नीट. टॉर्च काढली. माझ्याभोवती एक चक्कर मारली. शिकारी बाईच शेवटी, चूक दिसल्यावर राहवतंय का! "निवड चांगली आहे," म्हणाल्या, "पण पट्ट्याचं टोक मोकळं सोडलंयस. पहिल्या काट्यात अडकशील." आणि खाली वाकल्या. एक गुडघा चिखलात टेकून माझ्या पायाशी बसल्या आणि पट्टा आत खोचायला लागल्या.

"अहो, अहो, नको! पायाला हात नका लावू!" मी मराठीतच ओरडले. मुलाकडची विहीण, वयाने मोठी, आणि मुलीच्या आईच्या पायाशी! आमच्याकडे मांडवात असं झालं असतं तर चार गावं त्यावर बोलली असती. पण त्या हलेनात. दोन्ही हात माझ्या पावलांवर, डोकं खाली वाकलेलं. आणि दिवाळीला, गणपतीला, अल्फारेटातल्या सगळ्या मुली-सुना पाया पडतात तेव्हा जे आपोआप होतं, तेच झालं. माझा हात त्यांच्या टोपीवर गेला आणि तोंडातून खणखणीत निघालं, "अखंड सौभाग्यवती भव!"

शब्द बाहेर पडले आणि मला कळलं मी काय बोलले ते. हात तसाच टोपीवर राहिला, काढताही येईना. त्यांनी वर बघितलं.

"काय म्हणालीस?"

काहीतरी सांगता आलं असतं. जपून चाला, देव बरं करो, काहीही. पण मला खोटं नीट बोलताच येत नाही, तोंडावर दिसतं. मी सांगितलं, "आमच्यात कुणी पायाशी वाकलं की मोठ्या बायका आशीर्वाद देतात. तुझा नवरा कायम जिवंत राहो, असा. सवयीने निघालं तोंडून. माफ करा, मला..."

त्या तशाच गुडघ्यावर. टॉर्चचा उजेड चिखलात. मग म्हणाल्या, "जरा उशीर झाला, हनी."

आणि हसायला लागल्या. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, मग ट्रकची फळी धरून, डोळे पुसत, श्वास लागेपर्यंत हसल्या. मीही हसले, मीही रडले, काय चाललंय ते मलाच कळेना. थोडं ओसरल्यावर दोघी फळीवर बसलो. "तो गेल्यापासून माझ्यासमोर सगळे गप्प होतात," म्हणाल्या. "त्याचा विषय निघाला की कॉफी विचारतात. मुलगासुद्धा. आणि तू त्याला अमर करून टाकलंस!"

मग त्यांनी सीटमागची पेटी ओढली. आतून स्वतःचे गेटर्स काढले, मेणकापडाचे, ठिकठिकाणी ठिगळं लावलेले. पायांवर चढवले. बंदूक घेतली आणि म्हणाल्या, "माझ्या पावलावर पाऊल ठेव. बडबड नको."

बडबड नको म्हणणाऱ्या बाई स्वतः वाटभर कुजबुजत होत्या. इथे तो घसरला होता आणि सगळं जेवण ओढ्यात गेलं. इथे बसून आम्ही मुलाचं नाव ठरवलं. या झाडावर तो चढला होता, का ते मला आजही माहीत नाही. पाण्यात उभी असलेली मोठमोठी सायप्रसची झाडं, त्यांच्यामधून येणारा पिवळा उजेड, आणि माझ्या पोटऱ्यांवर खर्र-खर्र ओरखडणारे काटे, ज्यांचा मला काही म्हणजे काही त्रास होत नव्हता. पाय कोरडे! मला ओरडून सगळ्या जंगलाला सांगावंसं वाटत होतं. मी तोंड घट्ट मिटून चालत राहिले.

एका आडव्या पडलेल्या झाडामागे आम्ही बसलो. किती वेळ, काही कळलं नाही. नाक खाजलं, खाजवलं नाही. आणि मग ओढ्याच्या पलीकडे एक नर उभा होता. तो आला कधी ते मी पाहिलंच नाही. शिंगं, ओलं नाक, कान आमच्याकडे. इतका देखणा की माझा जीव कासावीस झाला. आयुष्यभर मटण चवीने खाल्लं, पण असं समोरासमोर कधी उभी राहिले नव्हते. मी विहीणबाईंकडे बघितलं. बंदूक खांद्याला होती आणि हात स्थिर होते. मी डोळे मिटून कान झाकले.

आवाज झाला. डोळे उघडले तर तो जागच्या जागी पडला होता, एक पाऊलही गेला नव्हता. मला वाईट वाटलं, खूप वाईट वाटलं, आणि त्याच वेळी छातीत आनंद मावत नव्हता. दोन्ही खरं होतं. विहीणबाई थोडा वेळ उभ्या राहून त्याच्याकडेच बघत राहिल्या. मग बंदूक रिकामी केली, झाडाला नीट टेकवून ठेवली, टोपी काढली आणि आभाळाकडे तोंड करून अशी एक आरोळी ठोकली की आजूबाजूची सगळी पाखरं उडाली.

आणि धावत सुटल्या. सरळ ओढ्यात. गुडघाभर पाणी, मग मांडीपर्यंत, दोन्ही हात वर, पाणी उडवत. ज्या खोल पाण्यातून मला नेणार नव्हत्या, त्याच पाण्यातून. "अहो विहीणबाई, थांबा! अहो, पडाल! थांबा!" मी मराठीत ओरडत मागून पाण्यात उतरले. बूट भरले, मोजे भरले. त्या थांबल्या नाहीत.